तुमच्या बहिणीची अकराशे युनिटं

बर्मिंगहॅम
रविवार, २१ जून १९८७

श्री. शशिधरराव भिडे यांस,

बर्मिंगहॅमहून पद्माकर वैशंपायनचा सप्रेम नमस्कार. तुमचं एप्रिलचं पत्र वेळेवर पोचलं. उत्तराला दोन महिने लागले याबद्दल रागावू नये. तुम्ही रागावलात तरी पत्रात तसं दिसू देत नाही, हा तुमचा मोठेपणा मी ओळखून आहे. गुडघे कसे आहेत? मागे लिहिलं होतंत ते तेल लावून (तिळाचं, आमचं नव्हे, आमच्या तेलाकडे वळतोच आहे) काही फरक पडला का? वीणावहिनींचा खोकला आता थांबला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. अनुराधाची ओ लेव्हलची परीक्षा चालू आहे, त्यामुळे घरात टीव्ही बंद असतो आणि बोलणंही हळू आवाजात चालतं, जे सध्या सगळ्यांच्याच सोयीचं आहे. पत्र लिहायला खास असं काही कारण नाही. आठवण झाली, बसलो लिहायला. तुमच्या बहिणीने यापूर्वीच तुम्हाला काही कळवलं असेल तर ते बाजूला ठेवून हे वाचावं. तिला प्रत्येक गोष्ट दोन वाक्यांत उरकायची सवय आहे, आणि ही गोष्ट दोन वाक्यांत सांगितली की तिच्यात मी फार वाईट दिसतो.

तुम्ही बँकेत एकतीस वर्षं काढलीत, तेव्हा तुम्हाला हे समजावणं म्हणजे आगाऊपणा आहे, तरी सांगतो. इथे उत्तर समुद्रात तेल निघतं हे तुम्हाला माहीत आहे. ते काढणाऱ्या कंपन्या वेगळ्या. आम्ही ज्यात पैसे घातले ते 'टार्नवे रॉयल्टी पार्टनर्स' नावाचं प्रकरण स्वतः काहीही काढत नाही. त्यांचा एकही माणूस समुद्रात भिजलेला नाही. त्यांच्याकडे फक्त हक्क आहे: अमुक अमुक विहिरींतून जे तेल येईल त्यातला इतका इतका हिस्सा. आपल्याकडे रत्नागिरीला एखाद्याने बाग दुसऱ्याला कसायला द्यावी आणि पेट्यांमागे आपला वाटा घेत पुण्यात झोपाळ्यावर बसावं, तसंच. त्या हक्काचे लहान लहान तुकडे करून लोकांना विकतात. एका तुकड्याला म्हणायचं युनिट. त्याचा भाव रोज पेपरात येतो. आणि वर्ष संपलं की सगळ्या मिळकतीला युनिटांच्या संख्येने भागतात आणि जो आकडा येतो तो अहवालाच्या पहिल्याच पानावर मोठ्या टाइपात छापतात: एका युनिटमागे मिळकत. शशिधरराव, मला सगळ्या इंग्लंडात आवडलेली गोष्ट कुठली म्हणाल तर हा आकडा. विहिरी, जहाजं, डॉलरचा भाव, वादळं, संप, सगळं गाळून शेवटी माझ्यासारख्या माणसाच्या हातात एकच आकडा ठेवायचा, तोही दशांश चिन्हासकट.

हे सगळं पंच्याऐंशी साली सुरू झालं. विक्री निघाली तेव्हा मेडनहेडच्या गिरीशने (कॉम्प्युटरवाला, तुम्ही त्याला भेटलेले नाहीत, भेटूही नका) मला फॉर्म पाठवले. युनिट एक पौंडाला. मागणी फार होती म्हणून नियम कडक होता: एका माणसाने एकच अर्ज करायचा, दोन केले तर एक रद्द आणि वर वकिलाची नोटीस. मी माझ्या नावाने एक हजार एक युनिटं मागितली. चार दिवसांनी लंडनहून एका बाईंचा फोन आला की अर्ज फक्त शंभराच्या पटीत चालतो, आणि शेवटचं एक कशासाठी आहे? मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला की आम्ही शुभकार्यात नुसता शून्य ठेवत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक खोडलं. मग दुसरा फॉर्म मी तुमच्या बहिणीच्या नावाने भरला, सौ. सुप्रभा पद्माकर वैशंपायन, एक हजार. तिची सही घेतली. तिला विचारलं का, असं तुम्ही मनात म्हणाल. शाळेच्या सहलीची परवानगी, टीव्हीचं लायसन्स, गॅसचं बिल अशा अकरा कागदांबरोबर मी तो तिच्यापुढे ठेवला आणि तिने भाजी ढवळता ढवळता अकराही कागदांवर सही केली. यालाच संसार म्हणतात अशी तेव्हा माझी समजूत होती.

पहिल्या वर्षी एका युनिटमागे मिळकत आली पंधरा पूर्णांक दोन पेन्स. मी तो आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावला. (अनुराधा तिच्या मैत्रिणीला तो माझा ब्लड टेस्टचा रिझल्ट आहे असं सांगताना मी ऐकलं.) त्यानंतर गेल्या वर्षी तेलाचा भाव कोसळला. निम्म्यावर आला. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात लोक माझ्याजवळ येऊन, घरात आजारी माणूस असलेल्याशी बोलतात तसं माझ्याशी बोलू लागले. मी त्या मंडळाचा नऊ वर्षं चिटणीस आहे, माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवलेला मला खपत नाही. आणि या एप्रिलमध्ये नवा अहवाल आला. सोळा पूर्णांक एक. खाली नाही, वर. मी तो आकडा फ्रिजवर लावला, एक प्रत मंडळाच्या नोटीस बोर्डावर लावली, आणि त्याच संध्याकाळी ठरवलं की कोथरूडच्या फ्लॅटसाठी पोस्टात आणि बँकेत मिळून जे सहा हजार पौंड साठवलेत ते सगळे टार्नवेमध्ये घालायचे. दोन वर्षांत फ्लॅटला गच्ची जोडून मिळाली असती. ब्रोकरला द्यायचा आदेश मी टाइप करून, सही करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. एकवीस मेला लंडनला सभासदांची वार्षिक सभा होती, ती आटोपून तिथूनच ब्रोकरकडे जायचं होतं.

आता तुमची बहीण. ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण तिथे ती कशी असते हे मलाही अलीकडेच कळलं. तिने अहवाल माझ्या आधी वाचला होता. मला वाटलं पाककृतीसाठी मागची कोरी पानं बघते आहे. मी स्नूकर बघत असताना ती अहवाल उघडून समोर आली आणि म्हणाली, सातवी टीप बघा. मी म्हटलं, टिपा कुणी बघत नाही, म्हणूनच त्या बारीक टाइपात असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिचं म्हणणं असं की भागाकारात सगळे वरचा आकडा बघतात, खालचा कुणी बघत नाही. मी जरा चिडलो. मी भूल देणारा डॉक्टर आहे, दिवसभर किलोमागे किती मिलिग्रॅम हाच हिशेब करतो, मला भागाकार शिकवू नकोस, असं म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "मग पेशंटचं वजन कुणी अर्धंच लिहून ठेवलं असेल तर?" मी म्हटलं, सरक जरा, स्नूकर दिसत नाही. तिसऱ्यांदा ती नुसता अहवाल टेबलावर ठेवून डबे भरायला गेली. मला वाटलं, पटलं तिला.

एकवीस मेला सकाळी आम्ही दोघं बर्मिंगहॅमहून निघालो. तिचीही रजा होती. तिला वेम्बलीला ईलिंग रोडवर मेथी, कोकम आणि पोह्याचे पापड घ्यायचे होते, तेव्हा यूस्टनला उतरल्यावर ती तिकडे गेली आणि मी हॉटेलकडे. माझ्या हातात एक पिशवी होती आणि तिच्यात एक शाल आणि नारळ होता. हसू नका. सभेत कुणीतरी आभार मानल्याशिवाय सभा संपली असं मला वाटतच नाही, आणि ज्या माणसाने तेलाचा भाव पडल्यावरही युनिटमागे मिळकत वाढवून दाखवली त्या अध्यक्षांचा सत्कार करायला इंग्रजांना सुचणार नाही याची मला खात्री होती. नारळ बर्मिंगहॅमच्या मार्केटातला, शाल घरात होती त्यांतली चांगली. (ती कुणी कधी दिलेली होती हा विषय तुम्ही या पत्राच्या उत्तरात काढणार नाही असं धरून चालतो.) हॉटेलच्या दारात हल्ली बॉम्बच्या भीतीने पिशव्या तपासतात. तिथल्या शिपायाने नारळ हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला, आत काहीतरी हलतंय म्हणून त्याचा चेहरा बदलला आणि त्याने तो अगदी हळू जमिनीवर ठेवला. मग त्याचा वरिष्ठ आला. त्याने लहानपणी जत्रेतल्या खेळात चेंडू मारून नारळ पाडलेले होते, म्हणून सुटलो. आत दोन टेबलं होती, आडनाव ए ते के एकीकडे, एल ते झेड दुसरीकडे. मी झेडकडच्या टेबलावर सही केली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

अध्यक्ष उंच, पांढऱ्या मिशांचे, सद्गृहस्थ वाटावेत असे. त्यांनी वीस मिनिटं भाषण केलं, त्यात 'आव्हान' हा शब्द बऱ्याचदा आला, आणि शेवटी म्हणाले की प्रश्न घेण्याआधी कुणाला काही बोलायचं आहे का. हे ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात, हे मला नंतर कळलं. मी उठलो. मी पाच मिनिटं बोललो. उत्तर समुद्र, टार्नवे, भारत आणि ब्रिटन यांचे जुने संबंध (त्यातले जे सांगण्यासारखे आहेत ते) आणि सोळा पूर्णांक एक पेन्स, सगळ्यांचा उल्लेख केला. मग व्यासपीठावर चढून मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. सभागृहात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तर रुमाल काढला. अध्यक्षांना नारळ कुठे ठेवावा ते कळेना. टेबल उतरतं होतं, त्यामुळे तो घरंगळून खाली आला असता, म्हणून ते तो पोटाशी धरून उभेच राहिले. मी जागेवर येऊन बसलो. इतकं समाधान मला अनुराधाच्या जन्मानंतर झालं नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले आणि मागच्या रांगेतून एका बाईंनी हात वर केला. इथे बोलणाऱ्याने आधी नाव आणि युनिटं सांगायची पद्धत आहे. बाई म्हणाल्या, मिस भिडे, शंभर युनिटं. शशिधरराव, तुम्हाला खरं सांगतो, आवाज मी ओळखला नाही. घरी ती त्या आवाजात बोलत नाही, किंवा बोलत असेल तर मी ऐकलेला नाही. आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून वळून पाहिलं तर तुमची बहीण, हिरवा कोट, पायाशी मेथीच्या दोन जुड्या. तिने अध्यक्षांना सातवी टीप वाचून दाखवली. टार्नवेने वर्षभरात दोन सगळ्यांत चांगल्या विहिरींवरचा हक्क विकून टाकला होता आणि त्या विक्रीचे एकरकमी पैसे मिळकतीत धरले होते. त्या विहिरी आता नाहीत, म्हणजे ते पैसे पुन्हा येणार नाहीत. आणि युनिटं आधी एक कोटी होती, ती शेवटच्या महिन्यात नवी विकून दोन कोटी केली. पण भागाकार करताना वर्षाची सरासरी म्हणून नव्या एक कोटीतला फक्त बारावा हिस्सा मोजला. (मला हे तेव्हा पुरतं उमगलं नाही. ट्रेनमध्ये तिने सांगितलं: पंगतीला शंभर माणसं होती, शेवटच्या वाढपाला आणखी शंभर आली, ती उशिरा आली म्हणून आठच धरायची, आणि म्हणायचं बघा, माणशी किती लाडू पडले.) तिचा प्रश्न एवढाच होता: "विहिरींची विक्री सोडून आणि आज जेवढी युनिटं आहेत तेवढ्यांनी भागून, एका युनिटमागे मिळकत किती?"

अध्यक्षांनी हिशेबनिसांकडे पाहिलं. हिशेबनिसांनी कागद पाहिले, मग नारळाकडे पाहिलं. ते म्हणाले लेखी उत्तर पाठवू. तुमच्या बहिणीने सांगितलं की तिला घाई नाही, बर्मिंगहॅमची गाडी साडेसहाला आहे. शेवटी शाल पांघरलेले, नारळ पोटाशी धरलेले अध्यक्ष माइकजवळ वाकून म्हणाले, पाच पूर्णांक सात. सभागृहात जी कुजबूज झाली ती मी अजून कानांतून काढू शकलेलो नाही. ज्या बाईंनी रुमाल काढला होता त्यांनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच विहिरी विकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी युनिटाचा भाव ब्याण्णव पेन्सवरून शेहेचाळीसवर आला. माझ्या खिशातला कागद मी गाडीच्या संडासात फाडून टाकला. सहा हजार पौंड वाचले, म्हणजे खरं तर कोथरूडचा फ्लॅट वाचला, आणि तो कुणी वाचवला हे आम्हां दोघांनाही माहीत आहे. मी तिला अजून थँक यू म्हटलेलं नाही. आपल्यात तसं म्हणत नाहीत, हे कारण मी स्वतःला रोज सकाळी दाढी करताना सांगतो आणि ते रोज थोडं पातळ होत चाललंय.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या कुजबुजीत माझ्या शेजारच्या गृहस्थांनी विचारलं की ही बाई कोण, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझी बायको. (अभिमानाने निघालं की घाबरून, हे मला ठरवता आलेलं नाही.) ते म्हणाले, पण ती तर मिस भिडे म्हणाली, आणि मग काहीतरी दुःखद समजूत करून घेऊन त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. आमच्या मागेच युनिटधारकांची यादी सांभाळणाऱ्या ऑफिसचा एक माणूस बसला होता. त्याने हे ऐकलं आणि वहीत टिपलं. दहा दिवसांनी घरी पत्र आलं, दोघींच्या नावाने. अनुराधाने ते आणून दिलं आणि तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "आई, तुझी पत्र आला आहे, पण त्यात तू दोन आहेस."

झालं होतं असं. पंच्याऐंशी साली मी तिच्याकडून सौ. सुप्रभा वैशंपायनची सही घेतली, त्याच आठवड्यात तिने पेपरातला फॉर्म कापून आपल्या पगारातून शंभर युनिटं मागवली होती. तिचा पगार, तिचं बँकेचं खातं, फार्मासिस्टांच्या यादीतलं नाव, सगळं लग्नाआधीचं आहे, सुमन चंद्रशेखर भिडे, कारण तिची पदवी त्या नावाने आहे. त्या नावाने घरी इतकं व्यावसायिक टपाल येतं की मी कधी लक्ष दिलं नाही. तिला माझा अर्ज ठाऊक नव्हता, मला तिचा ठाऊक नव्हता. आता यादीवाल्यांचं म्हणणं असं: या दोन बाया असतील तर दोघींनी पासपोर्ट घेऊन यावं. एक असेल तर नियमाप्रमाणे एक अर्ज मुळातच रद्द. कुठला ते बाईंनी निवडावं. रद्द झालेल्या अर्जाचे मूळ पैसे, आजवर मिळालेली वाटणी वजा करून, परत मिळतील. उत्तर दहा जुलैच्या आत. मी त्यांना चार पानांचा खुलासा पाठवला. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, वगैरे. त्यांचं उत्तर आलं की माहिती अत्यंत रंजक आहे, आणि ते तांदूळ पुरावा म्हणून उपलब्ध आहेत का.

मला वाटलं निवडण्यासारखं काही नाहीच. एकीकडे हजार, दुसरीकडे शंभर, शंभर सोडायची. तुमच्या बहिणीने पाकिटाच्या पाठीवर मांडून दाखवलं. आजवर हातात पडलेली एकोणतीस पेन्स वाटणी वजा जाता युनिटामागे एकाहत्तर पेन्स परत मिळतात, बाजारात मिळतात शेहेचाळीस. म्हणजे सुमनची शंभर रद्द केली तर फायदा पंचवीस पौंड, सुप्रभाची हजार रद्द केली तर अडीचशे. आकडा बरोबर होता, मी तीनदा तपासला. मी म्हटलं, माणसाचं नाव काय असं आकड्यांवर ठरवतात? ती म्हणाली, "माझं कशावर ठरवलं होतंत?"

याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, तुम्ही मांडवात होतात. माझ्या आईचं नाव सुमन. एका घरात दोन सुमन कशा चालणार, म्हणून आमच्या आत्याने तीन नावं काढून ठेवली होती आणि मी पहिलं लिहिलं, कारण अंगठी सैल होती आणि मला ते लवकर उरकायचं होतं. अठरा वर्षांत या प्रकाराचा मी एकदाही विचार केला नव्हता. ती म्हणाली की आता फक्त युनिटांचं नाही, पासपोर्ट, घर, सगळीकडे तिला तिचं नाव पाहिजे. भांडून म्हणाली असती तर मीही भांडलो असतो. ती डाळ निवडत म्हणाली. शशिधरराव, मला वाईट वाटलं. ते नाव मी दिलेलं होतं. पण मग आठवायला लागलो की त्या नावाने मी तिला हाक कधी मारली, तर घरात मी 'अगं'च म्हणतो, आणि चारचौघांत 'आमची ही'. या पत्रातसुद्धा बघा. म्हणजे तिचं होतं ते काढून घेतलं आणि दिलं ते वापरलंही नाही. सुप्रभाचा अर्ज रद्द करावा असं पत्र मी काल टाइप केलं. माझी सही त्यावर लागत नाही हे तिने दाखवून दिलं, तरी मी खाली केली.

तर असं सगळं आहे. बाकी क्षेम. वीणावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
पद्माकर

ता. क. या सुमनबाई आणि सुप्रभाबाई एकच आहेत हे सांगणारा एकही कागद या जगात नाही असं लक्षात आलं आहे. तेव्हा तिचा शाळा सोडल्याचा दाखला, आमची लग्नपत्रिका, आणि सख्खा भाऊ म्हणून तुमचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, एवढं उलट टपाली रजिस्टरने पाठवावं. दहा जुलै लक्षात ठेवावं.

ता. क. २. मुख्य काम वेगळंच आहे आणि ते लिहिण्यासाठीच हे पत्र लिहिलं, हे तुमच्यासारख्या माणसापासून लपवण्यात अर्थ नाही. कुणीतरी नाशिकला जाऊन माझ्या आईला सांगायला हवं की यापुढे सुनेचं नाव सुमन. माझ्याने होणार नाही. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, रोज माणसांना बेशुद्ध करून परत आणतो, पण हे फोनवर सांगायचं म्हटलं की अर्धा नंबर फिरवून रिसीव्हर खाली ठेवतो. ती तुमचं ऐकते, तुम्ही बँकेतले. गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करावी, भाडं मी देईन. आपलं नाव दुसऱ्या कुणाला नको अशी आईची अट कधीच नव्हती, पण ते सुनेला दिलेलं तिला आवडणार नाही. जपून सांगा.

ता. क. ३. (सुमनकडून) दादा, पाकीट बंद करून टाकायला पत्र माझ्याकडे दिलंय. वाचलं. ह्यांनी थोडं फुगवून लिहिलंय, पण आकडे बरोबर आहेत. तू नाशिकला जाऊ नकोस. आईंना मी मंगळवारीच फोन केला, शेजारी बापटांकडे. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "घे की, तुझंच आहे. सुमन माझं तरी कुठलं? ते सासरी आल्यावर ठेवलं. माहेरी मी द्वारका होते, सोळा वर्षांची होईपर्यंत." ह्यांना हे माहीत नाही, अजून सांगितलंही नाही, आज रात्री जेवताना सांगेन. मी विचारलं, मग हे नाव कुणालाच माहीत नाही? म्हणाल्या, भाऊ होता तोवर त्याला माहीत होतं, तो त्याच नावाने हाक मारायचा.

माझा भाऊ आहे. दाखला लवकर पाठव.